घोरपडीचं मागचं अंग

माकणीत गोरोबा कंडक्टरांच्या दारात उभी असलेली पिवळी गाडी फक्त दोन माणसांची आहे, हे तिला पाहणाऱ्या कुणालाही लगेच कळतं. गोरोबांना ते कळायला एक आषाढ आणि अर्धा श्रावण लागला.

गाडी त्यांनी घेतली नव्हती. ती आली. त्यांचा मुलगा वैजनाथ पुण्यात एका बांधकामवाल्याकडे नोकरीला. तो मालक देश सोडून मुलीकडे राहायला गेला, आणि जाताना ज्या वस्तू कुणालाच नको होत्या त्या नोकरांना वाटून गेला. कुणाला मासे ठेवायची काचेची पेटी मिळाली, कुणाला जागच्या जागी पळायचा पट्टा. वैजनाथच्या वाट्याला ही शर्यतीची गाडी आली. पुण्यात त्याच्या घराखाली सायकल लावायलाही जागा नव्हती. एका रविवारी त्यानं ती माकणीला आणून उभी केली, बापाच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "जरा सांभाळा." रेडकू सोडून जावं तसा तो निघून गेला.

गाडी जमिनीला पोट लावून बसल्यासारखी दिसायची. रुंद जबडा, वरचं कापडी छत घडी करून मागं टाकलेलं, दोन दारं, दोन गाद्या. गावानं तिला पहिल्याच दिवशी घोरपड म्हटलं. आत बसायचं म्हणजे आडात उतरावं तसं उतरावं लागायचं.

गोरोबा कळंब डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीचं सगळं आयुष्य त्यांनी बसच्या मागच्या चाकांवर उभं राहून काढलं होतं. पुढं काय येतंय ते ड्रायव्हरला दिसायचं. मागून काय बसतंय ते गोरोबांना. खड्डा आधी त्यांच्या टाचांना कळायचा. निवृत्तीनंतर ते मेव्हण्याच्या जीपवर गाडी चालवायला शिकले, आणि बरी चालवायचे. पण हात ड्रायव्हरचे झाले तरी जीव कंडक्टरचाच राहिला. थांब्यावर उभा असलेला माणूस त्यांना सहन होत नसे. जगात बरंच काही चुकलेलं आहे, पण त्यातली एवढी एक चूक आपल्याला दुरुस्त करता येते, असं त्यांना तिथं वाटायचं. त्यामुळं घोरपड प्रत्येक फाट्यावर थांबायची. मान बाहेर काढून गोरोबा विचारायचे, "कुठं जायचंय?" माणूस जायचं ते गाव सांगायचा, मग गाडीकडं बघायचा, मग गोरोबांकडं. गोरोबा म्हणायचे, "बसा की. मागं लई जागा हाय."

मागं जागा नव्हती. मागं डिकीचं झाकण होतं, उतरतं, गुळगुळीत. त्यावर माणसं दोन्ही पाय घडी केलेल्या छतात खुपसून, एकमेकांच्या खांद्याला धरून बसायची. आषाढात एकदा त्यावर चौघं, एक कोंबड्यांची डाल आणि शेवग्याच्या शेंगांची मोळी एवढं होतं. गाडीचं तोंड आभाळाकडं झालं होतं आणि शेपूट डांबर हुंगत होतं.

त्या चौघांत गोरोबांच्या बायको हरणाबाईही होत्या.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हरणाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच गाडीत बसल्या होत्या, पुढं, नवऱ्याच्या शेजारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्रवासात त्या कधी नवऱ्याच्या शेजारी बसल्या नव्हत्या. बैलगाडीत बसल्या तरी मागं, मोटारसायकलवर बसल्या तरी मागं. आणि नवऱ्याच्या बसमध्ये बसल्या तर शेजारी परका माणूस, आणि नवरा समोर उभा राहून म्हणणार, "तिकीट." ते मात्र गोरोबांनी कधी चुकवलं नाही. त्या दिवशी हरणाबाई इरकली नेसून, पदर खोचून गाडीत उतरल्या. घरापासून फाट्यापर्यंत बसल्या. फाट्यावर एक म्हातारी उभी होती.

"अगं, जरा मागं सरक," गोरोबा म्हणाले.

"मागं कुठं सरकू? मागं काय हाय?"

"डिकीवर. आजीला बसू दे इथं. गुडघं गेलेत तिचं."

"आन् माझं काय आत्ता आलेत व्हय?"

पण म्हातारीनं दार उघडलं होतं. हरणाबाई मागं गेल्या. पुढच्या फरशी पुलावर घोरपडीचं मागचं अंग खाडकन खाली आलं आणि परत वर गेलंच नाही. हरणाबाईंच्या कमरेतून कळ निघाली. त्या उतरल्या, समोरून येणाऱ्या एसटीला हात केला आणि गावात परत आल्या. पुढं चार दिवस त्या भाकरी थापताना कमरेवर हात ठेवायच्या आणि गाडीकडं पाठ करून बसायच्या. गाडीही मागून खचलेली, बाईही. दारात एकमेकींकडं न बघता दोघी.

गोरोबांनी महालिंगप्पाला बोलावलं. महालिंगप्पा उमरग्याच्याही पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा. फाट्यावर त्याचं पत्र्याचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचा. त्यानं घोरपडीच्या शेपटावर दोन्ही हात टेकून दाबलं. शेपूट खाली गेलं आणि तिथंच बसलं.

"शॉकप मेलाय री," तो म्हणाला.

"कुठला?"

"दोनी."

"मेलाय का आजारी हाय?"

महालिंगप्पानं वाकून मागच्या चाकाच्या आत बोट घातलं आणि तेलानं काळं झालेलं बोट गोरोबांना दाखवलं. डॉक्टर नातेवाइकांना बोलावतो तसा चेहरा करून म्हणाला, "स्प्रिंग बी बसली. नवी जोडी मागवा. घरीच बदलू. ट्रॉली काय आन् ही काय, मागं चाकं हायेत आन् वर वजन हाय."

वैजनाथनं पुण्याहून जोडी पाठवली: स्प्रिंगच्या आत बसवलेले दोन शॉकप, निळे, चकचकीत, खोक्यात बाळंतिणीच्या जुळ्यांसारखे शेजारीशेजारी. ते आले आणि गोरोबा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"रविवारी बसवून घेतो. मग येडशीला आपण गाडीतनं जाऊ."

येडशीला हरणाबाईंची बहीण म्हाळसाबाई राहायची. श्रावणात दरवर्षी एका रविवारी तिच्याकडं मुक्कामाला जायचं आणि सोमवारी दोघींनी रामलिंगाला जायचं, असा त्यांचा नेम. हरणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"दुपारच्या धाराशिवच्या गाडीपातूर झाली तर बसते," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माझी यष्टी भली. आन् बसंन ती शेजारी बसंन. डिकीवर न्हाय. कुणाचं गुडघं जाऊ दे न्हाईतर मुंडकं जाऊ दे, म्या उठणार न्हाय."

"बरं."

"बरं न्हाय. व्हय म्हणा."

"व्हय," गोरोबा म्हणाले.

रविवारी सकाळी महालिंगप्पा आपला जॅक घेऊन आला. ट्रॉलीचा जॅक तो, लहान मुलाएवढा उंच. घोरपडीच्या पोटाखाली तो आडवा केला तरी शिरेना. महालिंगप्पानं चारही बाजूंनी फिरून पाहिलं. शेवटी जॅकवरच बसला.

"जॅक घालायला गाडी उचलाय पायजे," तो म्हणाला.

"मग उचल की."

"उचलायलाच तर जॅक आणलाय."

दोघांनी ते वाक्यही चारही बाजूंनी फिरून पाहिलं. मग गोरोबांना बंडप्पा आठवला.

माकणीत छप्पर उचलायची रीत आहे. रानातलं पाचटाचं छप्पर एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असलं की ते कुणी मोडत नाही. दहा-बारा माणसं बोलवायची, आधाराच्या मेढींवरून छप्पर अख्खं उचलायचं आणि चालायला लागायचं. लांबून पाहिलं तर एक मोठं केसाळ जनावर खूप पायांवर रान ओलांडताना दिसतं. या कामाचा म्होरक्या बंडप्पा. तो स्वतः फार वजन उचलत नसे, पण हाळी त्याची. त्यानं "उचल" म्हटलं की उचलायचं, "चला" म्हटलं की चालायचं. या कामाला मजुरी नसते. चहा असतो.

गोरोबांनी निरोप धाडला, की घरी जरा उचलायचंय. काय उचलायचंय ते निरोपात राहून गेलं. माणसं डोक्याला टॉवेल बांधून आली.

"छप्पर कुठाय?" बंडप्पानं विचारलं.

"छप्पर न्हाय. हिचं ढुंगण उचलायचंय," गोरोबा म्हणाले.

बंडप्पानं घोरपडीकडं पाहिलं. "कुठं न्यायचंय?"

"कुठंच न्हाय. उचलायचं आन् तिथंच ठिवायचं. खाली ओंडकं सारायचेत."

हे बंडप्पाला आवडलं नाही, तरी त्यानं डोक्याचा टॉवेल आवळला. महालिंगप्पानं पुढच्या चाकांना दगड लावले. माणसांनी मागच्या बंपरखाली आणि चाकांच्या कमानीत हात घातले. बंडप्पानं हाळी दिली. घोरपड वर आली. महालिंगप्पानं बाभळीचे दोन ओंडके खाली सारले आणि गाडी त्यांच्यावर टेकवली. काम एवढंच होतं. माणसं हात झटकत उभी राहिली. चालणं न झाल्यामुळं त्यांच्या पायांत काहीतरी उरलं होतं.

"चहा होऊ द्या," कोंडीराम म्हणाला. कोंडीराम म्हणजे गोरोबांचा शेजारी. कामाला सगळ्यांत शेवटी आणि चहाला सगळ्यांत आधी.

तोवर हरणाबाई पिशवी घेऊन दारातून बाहेर पडल्या होत्या. ओंडक्यांवर टेकवलेली गाडी, मांडी घातलेला महालिंगप्पा आणि अंगणभर माणसं त्यांनी बघून घेतली.

"अजून यष्टीला टाइम हाय," गोरोबा म्हणाले.

"हाय ना. थांब्यावर बसते. तिथं बसायला तरी मिळतंय."

"चहाचं काय?"

"घोरपडीला सांगा करायला."

त्या गेल्या. मग चहा कोंडीरामनं केला. घरात जाऊन गॅस पेटवायची त्याची हिंमत झाली नाही. हरणाबाईंच्या शेगडीला हात लावणारा माणूस गावात जन्मला नव्हता. त्यानं अंगणातच चूल मांडायची ठरवली, आणि चुलीला दगड हवे होते. घोरपडीच्या पुढच्या चाकांना दगड होते. ते त्यानं घेतले.

इकडं महालिंगप्पानं मागची दोन्ही चाकं काढली आणि जुने शॉकप सोडवले. नट गंजलेले होते. पान्याला पाइप लावून, त्यावर स्वतः उभं राहून, कन्नडमध्ये काहीतरी म्हणत त्यानं ते फिरवले. जुनी जोडी जमिनीवर पडली. मेलेल्या वस्तूंना एक बरं असतं, त्यांना कुणी घाई करत नाही. मग त्यानं नवा शॉकप लावून पाहिला. तो जुन्यापेक्षा लांब होता, आणि बसेना.

"अजून हातभर वर पायजे," तो म्हणाला. "एवढंच. उचला, म्या सारतो, की झालं. अण्णा, तुमी आत बसा, ब्रेकवर पाय ठिवा."

गोरोबा आडात उतरावं तसे आत उतरले. माणसांनी चहाचे पेले खाली ठेवले. पुन्हा हात घातले.

बंडप्पा मात्र चहा पिताना एका गोष्टीवर विचार करत होता. जुनी माणसं म्हणायची, की उचललेलं छप्पर जागच्या जागी टेकवायचं नसतं. टेकवलं की धन्याला त्या घरात थारा राहत नाही. सकाळी आपल्याच हाळीनं तेच झालं होतं. आणि लगेच काय घडलं? धनीण पिशवी घेऊन निघून गेली. बंडप्पानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता दुसऱ्यांदा उचलायची वेळ आली होती, आणि दुसरी वेळ माणसाला क्वचित मिळते.

"उचल," बंडप्पा म्हणाला.

घोरपड वर आली.

"चला," बंडप्पा म्हणाला.

आणि माणसं चालायला लागली. मागचं अंग त्यांच्या हातांत, पुढचं अंग स्वतःच्या दोन चाकांवर. महालिंगप्पा उकिडवा बसून शॉकप वर धरून होता. त्याच्या हाताजवळून गाडी निघून गेली आणि तोंडावर एकाएकी ऊन आलं. त्याच्यापुढं दोन ओंडके, दोन चाकं आणि अर्धा पेला चहा एवढं उरलं.

"येन री," तो म्हणाला. म्हणजे, हे काय.

आत गोरोबांना गाडी हलल्याचं कळलं. पाय ब्रेकवरच होता, नुसता टेकवलेला. पण घाबरलेला माणूस विचार करून वागत नाही, तो जुन्या सवयीच्या घरी पळत जातो. नोकरीभर गोरोबांना गाडी थांबवायची असली तर त्यांनी ब्रेक दाबला नव्हता; घंटेची दोरी ओढली होती. त्यांचा हात वर गेला. वर दोरी नव्हती. वर कापडी छतही नव्हतं. श्रावणातलं पांढरं ऊन होतं आणि त्यात त्यांचा हात चाचपडत होता. बघणाऱ्यांना वाटलं, गोरोबा हात करायलेत. काहींनी उलटा हात केला.

"ठिवा खाली," गोरोबा म्हणाले. "ठिवा म्हणतो ना."

कुणी ऐकलं नाही. छप्पर उचलताना धनी ओरडतोच. त्याचं ऐकलं असतं तर माकणीत एकही छप्पर आजवर हललं नसतं.

अंगणातून गाडी गल्लीत आली. समोर कोंबड्यांचं खुराडं आलं म्हणून गोरोबांनी स्टेअरिंग डावीकडं वळवलं. मागची माणसं डावीकडं वळली. मग कांद्याची रचलेली आरण आली, गोरोबांनी उजवीकडं वळवलं. माणसं उजवीकडं वळली. छपरात पुढच्या माणसाला जागा ठाऊक असते आणि मागचे त्याच्या मागं जातात. इथं पुढचा माणूस गोरोबा होते. मागच्यांना वाटलं, धनी नेतोय तिकडं जायचंय. गोरोबांना वाटलं, हे नेतायत तिकडं आपण चाललोय. जगातले बरेच लांबचे प्रवास असेच झालेले आहेत. फरक इतकाच, की गोरोबांच्या हातांना सवयीनं एकच वाट माहीत होती, आणि ती थांब्याकडं जायची.

थांब्यावर हरणाबाई दगडी ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी आणखी दोन-तीन जण धाराशिवच्या गाडीची वाट बघत होते. गल्लीच्या तोंडातून आधी पिवळा जबडा आला. मग नवरा आला, एक हात वर धरलेला. मग मागची दोन चाकं यायला हवी होती, त्यांच्या जागी टॉवेल बांधलेली माणसं आली.

गाडी समोर येऊन थांबली. थांब्यावर गाडी थांबवायची, हे ब्रेकवरच्या पायाला आपोआप आठवलं.

"कुठं जायलाव?" हरणाबाईंनी विचारलं.

"म्या न्हाय जायलो," गोरोबा म्हणाले. "मला न्यायलेत."

ओट्यावरचा एक म्हातारा उठून पुढं आला. "कंडक्टर, धाराशिवला का?"

"मागं चाकं न्हायती, बाबा."

"पुढं तर हायेत की," म्हातारा म्हणाला, आणि डिकीकडं निघाला.

बंडप्पानं ओटा बघितला. उंची बरोबर होती. त्यानं घोरपड आडवी फिरवून मागचा बंपर ओट्याच्या कडेवर टेकवला, खाली स्वतःचा टॉवेल घातला, आणि घाम पुसायला टॉवेल उरला नाही म्हणून हातानं पुसला. "ही जागा बरी हाय," तो गोरोबांना म्हणाला. "आता घरची चिंता करू नका. दोष गेला." गोरोबांना कसला दोष ते कळलं नाही. बंडप्पानं समजावून सांगितलं. ऐकून हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला; हसायला की रागाला ते दिसलं नाही.

महालिंगप्पा दोन्ही खांद्यांवर एकेक शॉकप घेऊन आला, मागून कोंडीराम एकेक चाक ढकलत.  महालिंगप्पानं ओट्यापुढं बैठक मारली आणि काम सुरू केलं, कारण काम कुठंही केलं तरी नट तेच असतात. गाडी आता हवी तेवढी उंच होती. घरी बसत नसलेला शॉकप इथं पहारीच्या एका हिसक्यात बसला. मग दुसरा. थांब्यावरची माणसं सल्ले देत होती. म्हातारा म्हणाला, त्यापेक्षा बैलगाडीचा पाटा टाका, जन्मभर बघायला नको. महालिंगप्पानं त्याच्या हातात पाना धरायला दिला, तेव्हा तो गप्प बसला.

हरणाबाई रस्त्याकडं बघत होत्या. गोरोबा हरणाबाईंकडं. लांब धरणाच्या बाजूनं धूळ उठली की दोघांचेही डोळे तिकडं जायचे. एकदा जीप आली, एकदा दुधाचा टेम्पो. प्रत्येक वेळी गोरोबांच्या छातीत काहीतरी खाली बसायचं आणि उशिरानं वर यायचं.

चाकं चढली. माणसांनी शेवटची उचल केली आणि घोरपडीला चार पावलं पुढं नेऊन कोरड्या नालीच्या कडेला असं उभं केलं, की शेपूट नालीवर येईल आणि महालिंगप्पाला नालीत उभं राहून खालून हात घालता येईल. गाडी चारही चाकांवर उभी होती. शेपूट उचललेलं, जरा गर्विष्ठ.

"झालं?" गोरोबांनी विचारलं.

"खालचा नट हातानंच लावलाय. आवळायचा राहिलाय." नालीतून महालिंगप्पाचं फक्त डोकं दिसत होतं. "आत रबरी बुश असतंय. रिकाम्या गाडीवर आवळलं की ते पिळून बसतंय. मग माणसं बसली की जन्मभर कुरकुर करतंय. दोनी गाद्यांवर वजन पायजे. रोजचं वजन."

"म्या बसतो की," बंडप्पा म्हणाला आणि दार धरलं.

"तुमी रोज बसणार हाव का?"

बंडप्पानं दार सोडलं.

"शेजारी रोज कोण बसणार हाय," महालिंगप्पा म्हणाला, "त्याला बसवा."

 गोरोबा ड्रायव्हरच्या गादीत जाऊन बसले आणि समोर बघत राहिले. त्यांना हे विचारायचं होतं, पण आयुष्यभर लोकांना बसा म्हणालेल्या माणसाला बायकोला बस म्हणायला शब्द सापडेनात. शेवटी ते हात लांब करून शेजारची गादी पुसायला लागले. गादी स्वच्छ होती. तरी पुसत राहिले.

"पुरे," हरणाबाई म्हणाल्या. "झिजंल ती." त्या उठल्या. "यष्टी येईपातूर बसते. नटासाठी."

"नटासाठीच," गोरोबा म्हणाले.

एक पाय, मग कंबर धरून दुसरा पाय, मग आई गं, आणि हरणाबाई खाली पोहोचल्या. पिशवी मांडीवर. दार लागलं. बंडप्पानं माणसांना चला म्हटलं, आणि ती गेली.

"इथनं काय दिसंना की," थोड्या वेळानं हरणाबाई म्हणाल्या. "नुस्तं आभाळ."

"खाली हाय जरा गाडी."

"पैल्या बारीला बी असंच आभाळ दिसलं व्हतं. म्हणलं, आता जरा बघावं. तर तुमी म्हणालाव, मागं सरक."

गोरोबांनी स्टेअरिंगवर बोट फिरवलं. "ती म्हातारी," ते म्हणाले, "पुढच्या दुकानात नुस्ती साखर आणायला चालली व्हती. पुढच्या वळणावर उतरली."

"म्हाईत हाय. म्या यष्टीतनं बघितली की. साखर घिऊन उड्या मारत माघारी चालली व्हती."

मागं महालिंगप्पानं पाना लावला आणि जोर दिला. घोरपड हळूच खाली गेली आणि हळूच वर आली. परत खाली, परत वर. नव्या स्प्रिंगांना अजून कुठला खड्डा ठाऊक नव्हता. ते हलणं पाळण्यासारखं होतं. हरणाबाई सकाळी लवकर उठून भाकरी करून, चार माणसांवर रागावून थांब्यापर्यंत चालत आल्या होत्या. त्यांची मान आधी दाराकडं कलली. ते पत्र्याचं टोक टोचलं असावं. मग ती दुसऱ्या बाजूला, गोरोबांच्या खांद्याकडं आली, आणि राहिली. गोरोबांनी श्वास अर्धवट घेतला आणि तसाच धरून ठेवला.

धाराशिवची गाडी तेव्हाच आली. थांब्यावरची माणसं चढली. म्हातारा महालिंगप्पाचा पाना हातात घेऊनच चढत होता, तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागला. दारात कंडक्टर रणधीर उभा होता. गोरोबांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं घोरपड पाहिली, गोरोबांना पाहिलं, खांद्यावरची मान पाहिली. त्यानं भुवया उंचावून विचारलं, की काकू येणार का.

थांब्यावर माणूस सोडून गाडी पुढं घालवणं गोरोबांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी मोकळा हात दाराबाहेर काढला आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.

डबल बेल. बस निघाली. तिच्या मागची धूळ थांब्यावर आली, ओट्यावर बसली, आणि मग तिथं कुणी नव्हतं.

"अण्णा," नालीतून महालिंगप्पा म्हणाला, "झालं. उतरा आता."

गोरोबांनी मान न हलवता हळू आवाजात म्हटलं, "अजून जरा आवळ."

"अजून आवळलं तर तुटंल."

"मग ढिलं कर. परत आवळ."

महालिंगप्पानं नालीतून वर पाहिलं. मग तो खाली वाकला. घोरपड पुन्हा हलायला लागली.

"यष्टी आली का?" हरणाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"न्हाय अजून."

"मग ती गेली ती कुणाची?"

"ती लोहाऱ्याची व्हती."

"लोहाऱ्याची सकाळी जाती."

 हरणाबाईंनी पिशवी मांडीवरून काढून पायापाशी ठेवली आणि पदर नीट घेतला.

"सावकाश आवळ म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या. "येडशीला जायला रात्रीपातूर टाइम हाय."